तक्रार नाही

आमच्या शहराचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आधी आमची महापालिका चिडेल, आणि मग शेजारचं शहर म्हणेल की हे सगळं आमच्याकडे आधीच झालं होतं. एवढं सांगतो की शहराला एक नदी आहे, नदीवर दोन पूल आहेत आणि ही गोष्ट घडली तेव्हा दोन्ही पूल धडधाकट होते. याचं श्रेय कानोसा नावाच्या यंत्राचं. थोडं माझंही, कारण आमच्या प्रभागात कानोसा बसवला तो मी.

मी गिरीश नवगिरे, प्रभागाचा कनिष्ठ अभियंता. माणसांपेक्षा माझं यंत्रांशी जरा बरं जमतं, असं माझी बायको म्हणते. तिची तक्रार नोंदवून घेण्याची सोय मात्र अजून कुठल्याही यंत्रात नाही.

कानोसा यायच्या आधी आमच्या कार्यालयात बुधवार हा तक्रारवार असायचा. सकाळी दहापासून पहिल्या मजल्यावर खिडकी उघडायची आणि लोक जिन्यापर्यंत उभे असायचे. कुणी बाटलीत गढूळ पाणी घेऊन यायचं, कुणी उखडलेल्या रस्त्याचा तुकडाच पिशवीतून आणून टेबलावर ठेवायचं. चूक त्यांची नव्हती. आमचा पाणीपुरवठा विभाग आणि रस्ते विभाग म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एकीनं सारवलं की दुसरीनं तिथंच सांडायचं. सोमवारी डांबर पडलं की गुरुवारी पाइपासाठी खणायचं, हे ठरलेलंच.

या गर्दीत दर बुधवारी अकराच्या ठोक्याला रघुवीर कोळपकर यायचे. एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार कासार आळी, घर क्रमांक चौदा. स्टँडवरचा माइक बंद पडला तरी त्यांचं काम कधी अडलं नाही म्हणतात, असा आवाज. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात घडी घातलेला अर्ज. ते थेट प्रभाग अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसायचे. प्रभाग अधिकारी होत्या हेमलता शिंगाडे. आणि हेमलता शिंगाडे ही त्यांची सख्खी, एकुलती एक मुलगी.

हे त्या दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, सगळ्या आळीला ठाऊक होतं. आई आधीच गेलेली. मुलीनं जातीबाहेर, शिंगाड्यांच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा कोळपकर म्हणाले होते, "या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाहीस." मुलगी म्हणाली होती, "तुम्ही हाक मारल्याशिवाय ओलांडणार नाही." खाण तशी माती. दोघांनीही शब्द पाळला. पुढे नोकरीत बदल्या होत होत मॅडम नेमक्या याच प्रभागात आल्या आणि पहिल्याच बुधवारी कोळपकर समोर येऊन बसले. म्हणाले, "मी नागरिक म्हणून आलोय." नागरिकाचं ऐकून घेणं अधिकाऱ्याला नियमानं भाग असतं.

तेव्हापासून त्यांचं बोलणं तक्रारीतून चालायचं. एक बुधवार मला चांगला आठवतो. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

"बोला, कोळपकर," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आळीत सकाळच्या पाण्याला वास येतोय. मला काय व्हायचंय, मी जुनं हाड. पण ज्यांच्या घरी दात येणारं मूल आहे त्यांनी पाणी उकळून द्यावं. तसं तुम्ही फलकावर लिहा."

"ज्यांच्या घरी आहे ते उकळूनच देतात. वरचे दोन आलेत."

"वरचे दोन काय?" नोंदी करणाऱ्या मुजावर बाईंनी मान वर न करता विचारलं.

"ते नोंदीत नको," मॅडम म्हणाल्या.

कोळपकरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "बरं. आणि महापालिका वसाहतीच्या जिन्यात दिवा नाही म्हणे."

"तुम्ही कासार आळीत राहता. वसाहतीशी तुमचा काय संबंध?"

"नागरिक आहे. कुणी कडेवर मूल घेऊन अंधारात जिना उतरत असेल तर बघायला नको?"

त्या वसाहतीत मॅडमच राहायच्या. दुसऱ्या दिवशी दिवा लागला. रेवा, म्हणजे त्यांची नात, चालायला लागली, पडली, शाळेत गेली, हे सगळं आजोबांना असंच गटार, दिवे आणि पाण्याच्या वासाच्या आडून कळत गेलं. आम्ही कार्यालयातली माणसं या कानानं ऐकायचो आणि त्या कानानं सोडून द्यायचो. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मग कानोसा आला.

त्यातलं विज्ञान अवघड नाही. इंटरनेटसाठी शहरभर रस्त्याखाली काचेच्या तारांची केबल पुरलेली आहे. तिच्यातल्या बऱ्याच तारा नुसत्या पडून असतात. अशा एका तारेत एका टोकानं लेझरची चिमुकली चमक सोडायची, सेकंदाला हजारो वेळा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच, आणि प्रत्येक खोटेवर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. विहिरीत खडा टाकला की आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. तसंच प्रकाश परत यायला किती वेळ लागला यावरून तो तारेच्या कुठल्या जागेवरून आला ते कळतं. आता त्या जागेच्या वरची जमीन हादरली, तर काच केसाच्या हजाराव्या भागाहून कमी ताणली जाते आणि परत आलेला प्रकाश किंचित बदलतो. म्हणजे रस्त्याखालची केबल दर मीटरला एक कान होऊन बसते. नवीन काही पुरायचं नाही, खणायचं नाही.

हे कान आधीपासूनच होते. नवं आलं ते ऐकलेलं समजून घेणारं डोकं. फुटलेल्या पाइपाची सी-सी वेगळी, तुंबलेल्या गटाराची गुडगुड वेगळी, ढिलं झालेलं चेंबरचं झाकण चाकाखाली वाजतं ते वेगळं. वर्षभर ऐकून कानोसा ते शिकला. आणि त्याला खालच्या कामांची भाषा कळायला लागल्यावर महापालिकेनं त्याच्या हातात सगळ्या विभागांचं वेळापत्रक दिलं. पाइप गळायला लागला की तो पाणीपुरवठ्याला सांगणार, रस्त्याला डांबर थांबवायला सांगणार, मलनिस्सारणाला म्हणणार की खड्डा उघडाच आहे तर तुमचंही उरकून घ्या. दोन जावा एका चुलीवर आल्या. मला तर डोळे भरून यायचे बाकी होते.

पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या. वर्ष सरताना बुधवारी खिडकीपाशी कावळा येऊन बसला असता तरी त्याला कुणी हुसकलं नसतं. नागरिकांना नळ गळतोय हे कळायच्या आत तो दुरुस्त झालेला असायचा. वर्तमानपत्रात आमचं नाव आलं, बाहेरगावचे अधिकारी बघायला आले, मी त्यांना केबल दाखवत हिंडलो.

कोळपकर मात्र यायचेच. अकराच्या ठोक्याला, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"बोला, कोळपकर."

"चौकातल्या नळाचा व्हॉल्व्ह गळतोय. धार लागलीय."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. "तो सोमवारी दुरुस्त झाला."

"झाला? कुणी सांगितलं?"

"कानोशानं ऐकला."

"मग या अर्जाचं काय करू?"

"निवारण झालंय, असा शिक्का मारून देते."

त्यांनी शिक्का मारलेला अर्ज परत घेतला, घडी घातली. बोलायला आणखी काही मिळतंय का ते पाहिलं. नव्हतं. मुजावर बाई म्हणाल्या, "बसा की, काका, चहा सांगते." तर म्हणाले, "कामाशिवाय बसणारा माणूस नाही मी." आणि गेले. मॅडम त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग समोरचं काम ओढून घेतलं.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर मुलीनं सरळ घरी जावं. मीही तेच म्हणालो होतो. "मॅडम, रविवारी चक्कर मारून या की. उंबरा काय तुम्हाला चावणार आहे?"

"नवगिरे, हाक आली की जाईन," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पंपाचं बघा."

मी पंपाचं बघितलं. त्याच आठवड्यात मुख्यालयाचा आदेश आला की तक्रारीच उरल्या नसल्यानं पुढच्या महिन्यापासून बुधवारची खिडकी कायमची बंद करण्यात येत आहे. मला त्या आदेशाचा अभिमान वाटला. मी तो फलकावर लावला. लावताना माझ्या लक्षात आलं नाही की या खिडकीच्या आधारानं दोन माणसं उभी आहेत.

त्यानंतर कासार आळीत एकाएकी बिघाड व्हायला लागले.

आधी चौदा नंबरसमोरच्या चेंबरचं झाकण सरकलं. कानोशानं ऐकलं, तासाभरात माणसं गेली, झाकण बसलं. मग चौकातला व्हॉल्व्ह पुन्हा ढिला झाला. तोही बसवला. मग गटारात अर्धी पाटी वाळू. सगळं भर दुपारी, आळी जेवून आडवी झालेली असते तेव्हा. आणि प्रत्येक वेळी बुधवारच्या आत दुरुस्त. मजा अशी की झाकण सरकलेलं सापडलं तेव्हा भोकावर एक मोडकी खुर्ची पालथी ठेवलेली होती आणि तिला लाल फडकं बांधलेलं होतं. गेलेले कामगार मला म्हणाले, "साहेब, ज्यानं उघडलं त्यानं जिवापाड जपलंय."

मी हसलो. कानोसा हसत नाही. तिसऱ्या वेळेनंतर त्यानं माझ्या पडद्यावर निष्कर्ष ठेवला. मानवी हस्तक्षेप. लोखंडी पहार. पावलं घर क्रमांक चौदामधून निघून बिघाडाच्या जागेपर्यंत आणि तिथून परत घर क्रमांक चौदापर्यंत. माणसाची चाल ही त्याच्या सहीसारखी असते आणि तिन्ही वेळा चाल एकच होती. खाली चालीचं वर्णन होतं: संथ, उजव्या पावलावर जास्त भार, डावं पाऊल जेमतेम टेकतं. गेल्या तीन महिन्यांत हा फरक वाढत गेलेला.

त्याखाली नोटीस आपोआप तयार झाली होती. सार्वजनिक सेवेत तीनदा ढवळाढवळ झाली की प्रभाग अधिकाऱ्यानं बोलावून सुनावणी घ्यायची, दोष सिद्ध झाला तर नळजोडणी पंधरा दिवस बंद आणि नाव कार्यालयाच्या फलकावर. आठवड्यात सुनावणी झाली नाही तर प्रकरण आपसूक मुख्यालयाकडे.

ती नोटीस घेऊन मी मॅडमकडे गेलो तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी ती शांतपणे वाचली. घर क्रमांक वाचला तरी चेहरा हलला नाही. शेवटाकडे आल्या आणि थांबल्या.

"हे डाव्या पायाचं खरं आहे?"

"खरं असणार. पावसाळ्यानंतर सुरू झालंय. गुडघा असावा."

"म्हणजे तीन महिने दर बुधवारी हा जिना तसाच चढून येत होते." त्यांनी कागद खाली ठेवला. "माझ्यासमोर बसायचे आणि मला व्हॉल्व्हचं सांगायचे. रस्त्याखालच्या काचेला कळलं, नवगिरे. मला नाही कळलं."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मॅडम, मी नोंद पुसतो. ट्रकचा हादरा होता म्हणून लिहितो. माझं यंत्र आहे, एवढं माझ्या हातात आहे."

"आज एकासाठी पुसाल. उद्या नगरसेवकाच्या मेव्हण्यासाठी पुसावं लागेल."

"आणि नोटीस काढलीत तर? त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मुलीनं नोटीस काढली, हे मरेपर्यंत विसरायचे नाहीत. पुन्हा तोंड दाखवणार नाहीत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तसंही खिडकी बंदच होतेय." आणि त्यांनी सही केली. सुनावणीसाठी दिवस लिहिला तो शेवटच्या बुधवारचा, वेळ अकराची.

त्या रात्री मला माझ्या यंत्राचा पहिल्यांदा राग आला. त्यानं चूक काहीच केली नव्हती, राग नेमका त्याचाच आला होता.

शेवटच्या बुधवारी खिडकीपाशी कुणी नव्हतं. अकराला पाच कमी असताना मला जिन्यावर पावलं ऐकू आली. एक पाऊल ठाम, एक हलकं, मग कठड्याचा कुरकुर आवाज, मग थोडा थांबा. तीन महिने ती पावलं मी ऐकत होतो आणि कधी ऐकली नव्हती. कोळपकर आत आले, सदरा इस्त्रीचा, हातात घडी घातलेला अर्ज. नोटीस त्यांना मिळाली होती, पण तिचं नाव त्यांनी काढलं नाही. खुर्ची ओढून बसले.

"बोला, कोळपकर," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता.

"आधी माझी तक्रार घ्या. अजून खिडकी चालू आहे ना?"

"चालू आहे."

त्यांनी अर्ज उलगडला. "पाणी वेळेवर येतं. वास नाही. गटार वाहतं. दिवे लागतात. रस्ता गुळगुळीत आहे. आळीत सगळं ठीक चाललंय."

"मग तक्रार काय आहे?"

"हीच."

मुजावर बाईंचं लिहिणं थांबलं. मॅडमनी तो अर्ज घेतला, वाचला आणि टेबलावर आपल्या बाजूला ठेवला. त्यावर शिक्का मारला नाही. मग त्यांनी नोटीस समोर घेतली आणि सुरुवातीपासून वाचून दाखवली. झाकण, व्हॉल्व्ह, वाळू, पहार. चालीचं आलं, त्यांनी तेही वाचलं.

कोळपकरांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मीच केलं," ते म्हणाले. "लिहून घ्या. भोकावर खुर्ची ठेवली होती, फडकं बांधलं होतं. कामगार झाकण बसवून जाईपर्यंत मी दारात उभा होतो. कुणाला इजा होऊ दिली नाही, तेही लिहा."

"कारण?"

"कारण लिहायला जागा आहे का तुमच्या कागदावर?"

"आहे, काका," मुजावर बाई म्हणाल्या, "पण लहान आहे."

"मग राहू द्या."

दोष कबूल झाला होता, आता निकाल लिहायचा. मॅडमनी पेन उचललं. मी माझ्या पडद्यात डोकं घातलं, कारण दुसरीकडे कुठं बघावं तेच कळेना. आता हा माणूस उठेल, जिना उतरेल आणि यांच्यातलं उरलंसुरलं बोलणं संपेल, असं मला वाटत होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"मुजावर बाई, नोंद घ्या. ही सुनावणी मला घेता येणार नाही. अधिकाऱ्याचं आणि नोटीसधारकाचं जवळचं नातं असेल तर प्रकरण शेजारच्या प्रभागाकडे द्यावं लागतं. आपला तसा नियम आहे."

असा नियम आहे, आणि तो आम्हाला सगळ्यांना पाठ होता. इतकी वर्षं त्याची आठवण कुणी काढली नव्हती, एवढंच.

"नातं काय लिहू?" मुजावर बाईंनी विचारलं. त्यांना काय लिहायचं ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मुद्दाम विचारलं, आणि त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन.

"नोटीसधारक माझे वडील आहेत."

कोळपकर टेबलाच्या कडेकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, रुमाल शोधू लागला. मग त्यांनी मान वर केली. साऱ्या स्टँडला पुरायचा तो आवाज पार खाली गेला होता.

"मोठ्यानं सांगा," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

मागे कुणीही नव्हतं. रिकामी बाकं होती.

"हे माझे वडील आहेत," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"नोंद बरोबर आहे," कोळपकर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुन्हा पुसला. मग खुर्चीचे हात धरून उठले आणि आमच्याकडे न पाहता दाराकडे निघाले. जिन्याच्या वरच्या पायरीवर ते थांबले. कठडा धरला. एक पाऊल खाली टाकायला गेले आणि मागे घेतलं. वळले नाहीत. तसेच पाठमोरे म्हणाले,

"हेमे, हात दे. चढताना जमतं, उतरताना फार दुखतं."

हाक म्हणावी तर ती हीच होती. मॅडमना टेबलाला वळसा घालून जायला जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा लागला नाही. "अण्णा, सावकाश," एवढं ऐकू आलं. मग दोघांची पावलं एकेका पायरीवर थांबत खाली गेली. मुजावर बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "काय बघताय, साहेब? लिहा तुमच्या मशीनमध्ये, म्हणावं हे तू ऐकलं नाहीस."

खरंच त्यानं ऐकलं नव्हतं. आमच्या जिन्याखालून केबल जात नाही.

शेजारच्या प्रभागाच्या अधिकाऱ्यांनी प्रकरण पाहिलं आणि नियमाला धरून निकाल दिला. ताकीद, फलकावर नाव आणि पंधरा दिवस नळजोडणी बंद. कोळपकर स्वतः येऊन फलकावरचं नाव बघून गेले. बुधवारची खिडकी ठरल्याप्रमाणे बंद झाली. तिथं आता झेरॉक्सचं यंत्र आहे.

नळ बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर येऊन पडदा उघडला, तर कानोशाचा इशारा आलेला होता. कासार आळी, घर क्रमांक चौदा, अनोळखी हालचाल. कोपऱ्यावर रिक्षा थांबली. एक जोड पावलं जड, दोन्ही हातांत ओझं असल्यासारखी. पाण्याचे कॅन असणार. दुसरी पावलं हलकी, लहान, दर चार पावलांनंतर एक उडी. दोन्ही जोड उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं थोडी थांबली. मग उंबरा ओलांडून आत गेली. केबल उंबऱ्याच्या बाहेरूनच जाते, त्यामुळे त्यापुढचं कानोशाला काही कळत नाही. शेवटी नेहमीचा प्रश्न होता: तक्रार नोंदवायची का?

मी 'तक्रार नाही' दाबलं.

पुढचे सगळे दिवस हे रोज सकाळी चाललं. ओझं जड, उड्या वाढत चाललेल्या. रोज तोच इशारा, रोज तेच उत्तर. मधे एकदा डावं पाऊल जेमतेम टेकणारी चालही त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत गेली. दवाखान्यात नेत असतील, असा मी अंदाज केला. मॅडमना विचारलं नाही. त्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि मला म्हणाल्या, "नवगिरे, पंपाचं बघितलंत का?" मी हो म्हणालो.

मग पंधरा दिवस संपले. पाणीपुरवठ्याचा माणूस पहाटेच जाऊन चौदा नंबरची जोडणी सुरू करून आला. नळाला धार लागल्याचं कानोशानं टिपलं, प्रकरण बंद झाल्याची खूण केली. आता पाणी पोचवायचं कारण उरलं नव्हतं. खिडकी नव्हती, नोटीस नव्हती, तक्रारही नव्हती. मी उगीचच लवकर कार्यालयात आलो होतो. चहा मागवला आणि पडद्यासमोर बसून राहिलो. आळी उठली, दूधवाला गेला, झाडूवाली गेली. कोपऱ्यावर काही थांबेना. चहा गार झाला.

मग रिक्षा थांबली. दोन जोड पावलं उतरली. मोठी पावलं आज हलकी होती, हातांत काही नव्हतं. लहान पावलं चौदा नंबरपर्यंत पळतच गेली आणि उंबऱ्यापाशी जराही थांबली नाहीत.

कानोशानं विचारलं, तक्रार नोंदवायची का?

मी 'तक्रार नाही' दाबलं. आणि त्या घरापुरता हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस, असं त्याला कायमचं सांगून ठेवलं.